फडापासून वाघाडपर्यंत

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागांत मोसम, आरम व गिरणा या नद्यांच्या कांठीं, आणि पलीकडे धुळ्याच्या बाजूस पांझरेच्या कांठीं, एक वहिवाट शेंकडों वर्षें चालत आली. तिला फडपद्धति म्हणतात. नदीच्या पात्रांत दगडी बंधारा घालावयाचा, तेथून पाट काढावयाचा, पाटाखालील जमिनीचे तीनचार फड पाडावयाचे, आणि एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, अशी तिची रीत. ऊंसाचा फड पुढील वर्षीं दुसऱ्या पिकास जाई. शेतधनी स्वतः पाटास हात लावीत नसे. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें, पीक राखण्याचें जागल्याचें, आणि त्यांवर देखरेख हवालदाराची. पाटांतील गाळ काढावयाची वेळ आली म्हणजे प्रत्येक खातेदारानें आपला वांटा उचलावा, हा दंडक होता. ज्यास जमीनच नाहीं, त्यास मात्र या पंक्तींत पान नव्हतें, हेंही सांगितलेंच पाहिजे.

१८८४ सालीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक नाशिकासच झाली. पुढें दख्खनच्या कालव्यांकरितां त्यांनीं सुचविलेली ब्लॉक पद्धति फडाशीं नातें सांगते, असें म्हणावयास जागा आहे. परंतु धरणें मोठीं होत गेलीं तसें गांव मागें पडलें. १९१६ सालीं दारणा धरण पुरें झालें. अशा कामांत बंधारा सरकारचा, कालवा सरकारचा, पाणीहि सरकारचें. शेतकरी तेवढा अर्जदार. पाटाचा मालक होता तो खात्याच्या दारांत उभा राहिला, आणि पाट फुटला तर तो बुजविणें हें आपलें काम आहे असें त्यास वाटेनासें झालें.

दिंडोरी तालुक्यांत कोळवण नदीवर बांधलेल्या वाघाड धरणाची कथा याच वळणानें सुरू झाली. कालव्याच्या तोंडाशीं असलेल्यांस पाणी मुबलक, शेपटास असलेल्या ओझरच्या शिवारांत मात्र कोरडें ठणठणीत. धरण भरलेलें दिसावें आणि आपल्या चारींत थेंब नसावा, याहून मोठा जाच शेतकऱ्यास कोणता? ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अर्जविनंत्यांवर न थांबतां वेगळा मार्ग धरला. शेतकऱ्यांनीं संस्था करावी, सरकारनें तिला पाणी घनमापानें मोजून द्यावें, आणि वांटप, वसुली व चाऱ्यांची डागडुजी संस्थेनें करावी. १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन संस्था शेपटाकडेच उभ्या राहिल्या. ज्यास पाणी मिळत नाहीं तोच प्रथम एकत्र येतो. तोंडाकडील शेतकऱ्यास घाई नव्हती, हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें.

मापाचा परिणाम मोठा झाला. एकरावर आकारणी असतां पाणी वाचविण्यांत कोणाचाच लाभ नव्हता. मोजून मिळूं लागतांच वाचलेलें पाणी संस्थेचें ठरलें. कोणतें पीक घ्यावें याची मोकळीक आली, आणि त्या शिवारांत द्राक्षबागा वाढल्या. हळूहळू वरच्या गांवांनींहि संस्था केल्या. २००३ सालीं अशा २४ संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ होऊन साऱ्या प्रकल्पाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आलें. दोन वर्षांनीं, २००५ सालीं, सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा महाराष्ट्रानें केला. म्हणजे ओझरकर कायद्याच्या चौदापंधरा वर्षें आधींच निघाले होते.

पावसाळा सरला म्हणजे धरणांत किती पाणी उरलें तें पाहावयाचें, त्यावरून संस्थांचे वांटे व पाळ्या ठरवावयाच्या, असा तेथील क्रम. तुटीच्या वर्षीं वाटा सर्वांचाच कमी होतो. जुन्या फडांतहि पाणी आटलें म्हणजे एखादा फड सर्वांनीं मिळून पडीक ठेवावयाचा असे.