युकॉनचं दार कुणाच्या हाती

1898 च्या फेब्रुवारीत चिलकूट खिंडीच्या माथ्यावर कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी चौकी बसवली. खाली अलास्काची बाजू, वर कॅनडाची हद्द, आणि मधल्या चढणीवर माणसांची न तुटणारी रांग. युकॉनमधल्या क्लोंडाइकच्या सोन्याकडे निघालेल्या प्रत्येकाला तिथे एकच गोष्ट दाखवावी लागे. वर्षभर पुरेल एवढा शिधा आणि अवजारं सोबत आहेत ना? अवजारांसकट हे ओझं जवळजवळ एक टन भरायचं. त्या काळी छापलेल्या याद्या मी वाचल्या आहेत. चारशे पौंड पीठ, शंभराहून जास्त पौंड घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, वाळवलेले बटाटे, चहा, साखर, मेणबत्त्या, खिळे, करवत, तंबू आणि सोनं धुवायची थाळी. शेवटच्या चढणीवर घोडा चढत नसे. बर्फात पायऱ्या खोदलेल्या होत्या, सुमारे दीड हजार. माणूस एका खेपेला पन्नास-साठ पौंड पाठीवर घेऊन वर जायचा, बर्फात सामान पुरून खूण करायचा आणि पुन्हा खाली उतरायचा. सगळं ओझं माथ्यावर पोचेपर्यंत कित्येकांचे दोन-तीन महिने गेले. एप्रिलच्या 3 तारखेला, पाम संडेच्या दिवशी, त्याच वाटेवर हिमकडा कोसळला आणि साठांहून अधिक माणसं गाडली गेली.

नियमामागे कारण होतं. त्याच हिवाळ्यात, सोन्याच्या मुलखात वसलेल्या डॉसन शहरात अन्नाचा तुटवडा पडला होता. शिधा आणणाऱ्या बोटी नदी गोठल्यामुळे वाटेतच अडकल्या होत्या. सॅम स्टील या पोलिस अधिकाऱ्याने हा नियम कसोशीने पाळला, म्हणून पुढच्या वर्षी उपासमारीने होऊ शकणारे मृत्यू टळले, याबद्दल मला शंका नाही. पण टनभर सामान विकत घ्यायला पैसा लागतो. त्यामुळे चौकीवर माणसाच्या पोटाची काळजी घेतली जात होती, तशी त्याच्या खिशाची पारखही होत होती. मला या इतिहासात गुंतवून ठेवलं ते याच दुहेरीपणाने. मीसुद्धा या प्रदेशात एक कागद दाखवून आले आहे. आता त्या कागदाला ‘युकॉन नॉमिनी प्रोग्रॅम’चं नामांकन म्हणतात.

पोलिसांची चौकी हे या वाटेवरचं पहिलं दार नव्हतं. किनाऱ्यावरच्या चिल्कात आणि चिलकूट त्लिंगित लोकांनी ही खिंड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती. आतल्या भागातल्या लोकांशी त्यांचा माशाच्या तेलाचा आणि कातड्यांचा व्यापार चाले आणि खिंडीतून कोण जाणार हे तेच ठरवत. हडसन बे कंपनीने आत फोर्ट सेलकर्कला ठाणं उभारून हा व्यापार आपल्याकडे वळवायला सुरुवात केली, तेव्हा 1852 मध्ये चिल्कातांनी दूरवरून येऊन ते ठाणं लुटलं. गोऱ्या सोनेशोधकांना ही वाट पहिल्यांदा रीतसर मोकळी झाली ती 1880 मध्ये. अमेरिकन नौदलाच्या बीअर्ड्सली या अधिकाऱ्याने मध्यस्थी केल्यावर. पुढे गर्दीच्या वर्षांत त्लिंगितांनी मजुरी घेऊन ओझी वाहिली, पण तोवर दार त्यांच्या हातून गेलं होतं.

1896 च्या ऑगस्टमध्ये रॅबिट क्रीकवर सोनं सापडलं तेव्हा तिथे टॅगिश लोकांपैकी कीश, त्याचा भाचा आणि बहीण शा त्ला होते, आणि तिचा अमेरिकन नवरा जॉर्ज कारमॅक. सोनं आधी कुणाच्या नजरेला पडलं यावर अजून वाद आहे. कागदावर मात्र शोधाचा मान कारमॅकच्या नावाने नोंदला गेला. एका ‘इंडियन’ माणसाच्या नावाने सरकारी दप्तर तो दावा मानणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे दोन वर्षांत डॉसनमध्ये तीस हजारांच्या आसपास माणूस जमला. जिथे ते शहर उभं राहिलं, तिथेच क्लोंडाइक नदीच्या मुखाशी हान लोकांचं सामन मासे पकडण्याचं ठिकाण होतं. त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला, काही मैलांवरच्या मूसहाइडला हलवलं. या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि ती गाणी अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. एक माणूस आपल्या समाजाचा ठेवा सीमेपलीकडे सुरक्षित ठेवतो, आणि त्याच वर्षांत त्याच सीमेवरून हजारो माणसं टनभर पीठ-घेवडा घेऊन त्याच्या घरात शिरतात. युकॉनच्या स्थलांतराचा इतिहास सांगायचा तर मला वाटतं तो इथून सांगायला हवा. हान लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

गर्दी आली तशी गेली. 1899 मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी पोचली आणि डॉसनमधून बोटी भरभरून निघाल्या. जनगणनेचे आकडे पाहा. 1901 मध्ये संपूर्ण युकॉनची लोकसंख्या 27,219. दहा वर्षांनी 8,512. 1921 मध्ये 4,157.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला गिरणगाव आठवलं. माझे आजोबा संगमेश्वरहून मुंबईला आले ते गावच्याच एका जॉबरच्या शब्दावर. ते साचेखात्यात होते. गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी, खानावळीत जेवण, महिन्याला गावी मनिऑर्डर. जॉबर कामाला लावायचा, जॉबरच काढायचा आणि वर्गणीच्या नावाखाली पगारातून आपला वाटाही घ्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. वडील बदलीवर लागले, पुढे कायम झाले आणि 1982 च्या संपात घरी बसले. जॉबर गेले, मग गिरण्याही गेल्या. ज्यांना एका कामासाठी शहरात बोलावलं त्यांचं, ते काम संपल्यावर काय झालं, हे मी चाळीच्या गॅलरीतून पाहिलं आहे. म्हणूनच युकॉनचा इतिहास वाचताना माझा एकच प्रश्न असतो. ज्यांना बोलावलं, त्यांना राहा असं कुणी म्हटलं का?

1942 मध्ये तर उलटंच म्हटलं गेलं. जपानच्या हल्ल्याच्या भीतीने अमेरिकन लष्कराने ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कापर्यंतचा महामार्ग आठेक महिन्यांत रानातून काढला. दहा हजारांहून अधिक सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पलटणी वेगळ्या, छावण्या गावांपासून दूर. 25 ऑक्टोबर 1942 ला बीव्हर क्रीकजवळ दोन टोकांकडून येणारे बुलडोझर समोरासमोर आले. एकावर कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स हा कृष्णवर्णीय सैनिक, दुसऱ्यावर आल्फ्रेड जालुफ्का हा गोरा. दोघांनी हात मिळवले, आणि तो फोटो इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच सुमारास अलास्काचे लष्करी प्रमुख सायमन बकनर कृष्णवर्णीय सैनिकांना आणायला विरोध करत होते. युद्ध संपल्यावर ही माणसं इथेच राहतील आणि स्थानिकांशी सोयरिकी करतील, ही त्यांची लेखी तक्रार होती. रस्ता हवा होता, तो बांधणारे हात हवे होते, त्यांचं घर मात्र नको होतं. टेस्लिनसारख्या वस्त्यांमध्ये रस्त्यासोबत गोवर, डांग्या खोकला अशा साथी एकामागून एक आल्या. ज्यांच्या जमिनीवरून रस्ता गेला त्यांना या वेळीही कुणी विचारलं नाही.

रस्त्यामुळे व्हाइटहॉर्स वाढलं आणि 1953 मध्ये राजधानी डॉसनहून इथे आली. नंतरच्या खाणींचा तपशील मी सांगत बसत नाही. फारोची शिसं-जस्ताची खाण 1969 ला सुरू झाली, मधे बंद पडली, पुन्हा चालली आणि 1998 ला कायमची थांबली. गाव वसलं, गाव ओसरलं. या काळातली खरी मोठी घटना माझ्या मते 1973 ची आहे. एलायजा स्मिथ आणि फर्स्ट नेशन्सचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजांचे, इतर प्रमुख ओटावाला गेले आणि पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्यासमोर आपल्या जमिनीच्या हक्काचा लेखी मसुदा ठेवला. वीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर, 1993 मध्ये, सर्वसाधारण करारावर सह्या झाल्या. आज युकॉनच्या 14 फर्स्ट नेशन्सपैकी 11 जणांचं स्वतःचं शासन आहे. चीफ आयझॅकने ठेवायला दिलेली गाणी डॉसनचे हान लोक 1990 च्या दशकात अलास्काला जाऊन पुन्हा शिकून आले. दर दुसऱ्या उन्हाळ्यात मूसहाइडला मेळावा भरतो, तिथे ती म्हटली जातात. बाहेरचे लोकही तिथे जातात. मीही गेले होते, पाहुणी म्हणून.

भारतीय माणसासाठी कॅनडाचं दार वेगळ्याच कड्यांनी बंद होतं. 1908 मध्ये नियम निघाला की मायदेशातून थेट, मधे न थांबता आलेल्यालाच उतरू द्यायचं. भारतातून असा थेट बोटप्रवास करण्याची सोयच नव्हती. शिवाय आशियातून येणाऱ्याच्या खिशात 200 डॉलर हवेत. 1914 मध्ये व्हँकुव्हरला आलेली कोमागाटा मारू ही बोट आणि तिच्यावरचे 376 प्रवासी याच नियमाखाली दोन महिने बंदरात अडकले. बहुतेकांना परत पाठवण्यात आलं. वंशावरून निवड करण्याची पद्धत 1967 मध्ये गुणांकन आल्यावर संपली. पण गुणांकनाने आलेली माणसं टोरांटो आणि व्हँकुव्हरला जात. साठाव्या अक्षांशापलीकडे, जिथे डिसेंबरात जेमतेम साडेपाच तास उजेड असतो, तिथे कोण येणार? म्हणून प्रांतांनी स्वतः माणसं निवडायची मागणी केली. 1998 मध्ये मॅनिटोबाला तो अधिकार मिळाला. युकॉनने 2001 मध्ये केंद्राशी करार केला. पुढे खाणींची भरभराट झाली, हॉटेलं आणि दुकानांमधले स्थानिक कामगार खाणींकडे वळले, आणि साध्या कामांसाठीही बाहेरून माणूस आणायची वाट उघडली.

पद्धत अशी आहे. मालकाने आधी जाहिरात द्यायची आणि इथे माणूस मिळत नाही हे दाखवायचं. मग मालक, कामगार आणि युकॉन सरकार अशा तिघांच्या सह्यांचा करार. नामांकन झालं की त्याच मालकाकडे काम करण्यापुरता परवाना, आणि कायम वास्तव्याचा अर्ज केंद्राकडे. या वाटेने सगळ्यात जास्त आले ते फिलिपिनो. आज व्हाइटहॉर्सच्या दुकानात, दवाखान्यात, पाळणाघरात तगालोग कानावर पडतेच. मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागले, तेव्हा गाडीच्या इंजिनाला रात्री विजेची तार जोडून ठेवायची, नाहीतर सकाळी ती सुरू होत नाही, हे मला माझ्या फिलिपिनो सहकारिणीनेच शिकवलं. उणे चाळीसमध्ये कानटोपीच्या आत आणखी एक टोपी घालायची, हेही तिनेच सांगितलं.

आता जॉबरच्या गोष्टीकडे येते. माझा कागद माझ्या मालकाच्या सहीवर उभा होता. सुट्टीच्या दिवशी फोन आला की जायचं. जादा तासांचा हिशेब विचारताना जीभ अडखळायची, कारण नोकरी गेली तर नवा मालक, नवं नामांकन, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या आजोबांचा जॉबर मनमानी करू शकायचा, कारण गावाहून आलेल्या माणसाला दुसरा कुणी ओळखीचा नव्हता. इथे कायदा आहे, तक्रारीची खिडकी आहे, फरक मोठा आहे आणि तो मी मानते. पण भीतीचं मूळ तेच. ज्याने आणलं, त्याच्याच हातात राहणं.

कायमचं वास्तव्य मिळालं की ही गाठ सुटते. 1982 च्या हक्कांच्या सनदेने प्रत्येक नागरिकाला आणि कायम रहिवाशाला देशात कुठेही राहायची मुभा दिली आहे. त्यामुळे अर्ज करताना युकॉनमध्ये राहण्याचा इरादा लिहून दिलेली माणसंही पुढे कॅलगरीला किंवा व्हँकुव्हरला जाऊ शकतात. काही जातातही, आणि मग गावात ‘हे लोक कागदापुरते येतात’ अशी चर्चा होते. ही चर्चा मला अन्यायाची वाटते. 1901 नंतर वीस वर्षांत युकॉन सोडून गेलेले वीस-तेवीस हजार लोक नामांकनाने आलेले नव्हते. त्यांच्यातले काही आज इथे रस्त्यांच्या आणि डोंगरांच्या नावांतून आदराने टिकून आहेत. जे टिकतात ते घरभाडं परवडलं, मुलांची शाळा जमली, नवरा-बायको दोघांना काम मिळालं म्हणून टिकतात. 2021 च्या जनगणनेत युकॉनची लोकसंख्या 40,232 भरली, सोन्याच्या गर्दीनंतरच्या 1901 पेक्षाही जास्त. यात नामांकनावर आलेल्यांचा मोठा हात आहे.

2020 मध्ये इथे एक प्रायोगिक योजना सुरू झाली. तिच्यात नामांकन झालेला माणूस एकाच वस्तीतल्या वेगवेगळ्या मालकांकडे, तीनपर्यंत अर्धवेळ कामं करू शकत होता. डॉसनसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात एक काम आणि हिवाळ्यात दुसरं, ही जुनीच रीत आहे, त्यामुळे ही योजना तिथल्या जगण्याला धरून होती. मला तिच्यात त्याहून जास्त काही दिसतं. माणूस मालकाकडे येत नाही, गावाकडे येतो. 2025 मध्ये केंद्राने सगळ्या प्रांतांच्या नामांकनाच्या जागा निम्म्यावर आणल्या, आणि ज्यांचे परवाने संपत आले आहेत त्यांची धाकधूक मी रोज पाहते आहे. जागा किती द्यायच्या हे ओटावाने ठरवावं. पण ज्या जागा उरल्या आहेत त्या सगळ्या गावाच्या नावाने द्याव्यात, एका मालकाच्या नावाने नव्हे. आणि कुणाला, किती, कशासाठी बोलवायचं हे ठरवताना ज्यांच्या जमिनीवर आम्ही राहायला येतो त्या फर्स्ट नेशन्सची शासनं त्या टेबलाशी बसलेली असावीत, त्यांची सही चौथी म्हणून त्या करारावर असावी. ही मागणी मी इथल्या आमदाराला लिहून दिली आहे, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा देत राहणार आहे.