पेलोडर म्हणजे काय? स्क्रीन नसलेलं मशीन आम्ही कसं चालवायचो

उन्हात फोन जास्त तापला तर तो स्वतःच सांगतो. चार्जिंग थांबवतो, ब्राइटनेस कमी करतो, स्क्रीनवर इशारा देतो. आता १६-१७ टन वजनाच्या एका मशीनची कल्पना करा. त्यात स्क्रीन नाही, सेन्सर जवळजवळ नाहीत, एसी तर नाहीच. काही बिघडत असेल तर ते ऑपरेटरने कानाने ऐकायचं, नाकाने वास घ्यायचा आणि सीटखाली बसणाऱ्या धक्क्यावरून ओळखायचं.

मी नव्वदच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा सायडिंगवर असं मशीन चालवायचो. आज नवीन मशीनच्या केबिनमध्ये बसलो की त्या जुन्या लोडरची आठवण येतेच. या लेखात आपण पेलोडर कसा चालतो, जुन्या आणि नव्या मशीनमध्ये काय फरक पडला, आणि आम्हा जुन्या ऑपरेटरांना त्या खटाऱ्यांचा एवढा लळा का आहे, हे समजून घेऊया.

पेलोडर हे नाव कुठून आलं?

पुढे मोठी बकेट आणि खाली चार मोठी रबरी चाकं असलेल्या या मशीनचं खरं नाव व्हील लोडर. पण आपल्याकडे खाणीत, रेल्वे सायडिंगवर, सिमेंट कारखान्यात सगळे त्याला पेलोडरच म्हणतात.

हे मुळात एका कंपनीने आपल्या मशीनला दिलेलं व्यापारी नाव होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक जी. हफ नावाची कंपनी होती, तिच्या लोडरचं नाव 'पेलोडर'. १९५२ मध्ये ही कंपनी इंटरनॅशनल हार्वेस्टरने विकत घेतली. कंपनी गेली, नाव मात्र राहिलं. आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो आणि रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक पिवळ्या मशीनला जेसीबी म्हणतो, तसंच हे.

भारतात असे लोडर बनवणाऱ्यांत एक नाव तुमच्या ओळखीचं असेल: हिंदुस्तान मोटर्स, म्हणजे ॲम्बेसेडर गाडीवाले. त्यांचा तमिळनाडूत तिरुवल्लूरला अवजड मशीनचा कारखाना होता. तिथला 'हिंदुस्तान २०२१' हा लोडर जुन्या ऑपरेटरांना चांगलाच आठवतो. २०२१ हा मॉडेल नंबर होता, सालाशी त्याचा संबंध नाही! पुढे तो व्यवसाय कॅटरपिलरकडे गेला. दुसरी मोठी कंपनी म्हणजे सरकारी मालकीची बीईएमएल, स्थापना १९६४.

पेलोडर कसा काम करतो?

चार गोष्टी समजल्या की मशीन समजलं.

१. इंजिन मागे असतं. बकेट भरली की सगळं वजन पुढे येतं आणि मशीन नाकावर पडायला बघतं. मागचं जड इंजिन तराजूतल्या दुसऱ्या पारड्यासारखं काम करतं. म्हणूनच भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून चालायचं असतं. बकेट वर उचलून पळवली आणि वळण आलं, तर मशीन उलटू शकतं.

२. मशीन कमरेत वळतं. बहुतेक लोडरची पुढची चाकं कारसारखी तिरकी होत नाहीत. अख्खं मशीन मधोमध सांध्यात दुमडतं. कॅटरपिलरने असा सांधा असलेला पहिला लोडर, मॉडेल ९८८, १९६३ मध्ये आणला. याने कमी जागेत वळता येतं. पण त्या सांध्यापाशी माणूस उभा असेल तर तो चिरडला जाऊ शकतो. मशीन चालू असताना तिथे पाय ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा.

३. क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिन फिरवतं, दुसरा गिअरबॉक्सला जोडलेला असतो. त्यामुळे बकेट ढिगात रुतून चाकं थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. पण तेवढा वेळ इंजिनची ताकद उष्णता बनून तेलात जाते. ऑपरेटरने ॲक्सिलरेटर दाबूनच धरला तर तेल उकळायला लागतं.

४. बकेट तेलाच्या दाबाने उचलली जाते. पंप तेलाला दाब देतो, लिव्हर ओढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल सिलिंडरमध्ये जातं. एक लिव्हर बकेट वर-खाली करतो, दुसरा बकेट आत-बाहेर कलवतो. एवढ्या दोन लिव्हरवर अख्खी शिफ्ट निघायची.

जुन्या केबिनमध्ये काय असायचं?

स्टीअरिंगवर एक गोल मूठ, कारण डाव्या हाताने स्टीअरिंग आणि उजव्या हाताने लिव्हर चालवायचे. समोर पाच-सहा काट्यांची मीटर: इंजिनचं पाणी, इंजिन ऑइलचा दाब, कन्व्हर्टरच्या तेलाचं तापमान, ब्रेकच्या हवेचा दाब. शिवाय एक तासांचं मीटर, कारण अशा मशीनचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, चाललेल्या तासांत मोजतात.

खाली ब्रेकची दोन पेडल. उजवं दाबलं तर फक्त ब्रेक. डावं दाबलं तर ब्रेकही लागतो आणि गिअरही सुटतो. ढिगाजवळ थांबून बकेट झटपट उचलायची असेल तेव्हा डावं पेडल कामाचं, कारण इंजिनची सगळी ताकद बकेटला मिळते. हे डावं पेडल लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

एक डबा भरायला किती बकेट लागतात?

आमच्या लोडरची बकेट साधारण ३ घनमीटरची. सुटा कोळसा पाण्यापेक्षा हलका, म्हणून एका बकेटमध्ये अडीच टनांच्या आसपास येतो. मालगाडीचा एक डबा ६० टनांचा धरला तर २४ बकेट. एका फेरीला ४० सेकंद धरले तर एक डबा १६ मिनिटांत भरतो. रेकमध्ये ५८-५९ डबे. एकट्याने भरले तर पंधरा तासांच्या वर जातील, म्हणून चार-चार लोडर एकदम लागायचे. रेल्वेने दिलेल्या वेळेत रेक भरला नाही तर दंड बसतो, त्याला डेमरेज म्हणतात. त्यामुळे रेक लागला की जेवणाचा डबा तसाच राहायचा.

आता वजनाचं काय? आमच्या लोडरवर काटा नव्हता. बकेट उचलताना इंजिनचा आवाज किती दबला यावरून अंदाज यायचा. शेवटच्या दोन-तीन बकेटा टाकताना रेल्वेच्या डब्याच्या स्प्रिंगांकडे बघायचं, त्या किती बसल्या यावर हात आवरायचा. आमचे उस्ताद वजनकाट्याच्या चिठ्ठीआधी आकडा सांगायचे आणि तो फारसा चुकायचा नाही.

कानाने चालणारं मशीन

उस्तादांनी मला पहिले आठ दिवस लिव्हरला हात लावू दिला नाही. शेजारी उभं राहून फक्त ऐकायला लावलं. बकेट पूर्ण कलली की तेलाला पुढे जागा उरत नाही आणि एक कर्कश किंकाळी येते, म्हणजे लिव्हर सोड. चाक घसरायला लागलं की सीट हलकी झाल्यासारखी वाटते, म्हणजे ॲक्सिलरेटर सोड, नाहीतर टायर कापला जाईल. जळक्या तेलाचा वास आला तर मीटर बघत बसू नको, आधी न्यूट्रल कर.

सकाळी ग्रीस गन घेऊन एकेका पिनला ग्रीस मारायचं, डिपस्टिक ओढून तेल बघायचं, हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं. हे सगळं हाताने केल्यामुळे मशीनचा कोपरा न् कोपरा माहीत व्हायचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, साठवलेला कोळसा आपोआप तापून धुमसायचा, आणि त्यात आम्ही पत्र्याच्या केबिनमध्ये. तरी दुसऱ्याने आपलं मशीन चालवलं की राग यायचा. लळा म्हणतात तो हाच.

ती एक रात्र

आता जे सांगतो ते कमीपणाचं आहे, पण सांगायला हवं.

माझ्या लोडरला हवेचा दाब कमी झाला की वाजणारा बझर होता. आमच्या टाकीची हवा हळूहळू गळायची, त्यामुळे तो सारखा वाजायचा. दोन दिवस ऐकला. तिसऱ्या दिवशी मी त्याची वायर काढून टाकली. मनात होतं, मला बझर कशाला हवा, मशीन मला कळतं.

आठवडाभराने रात्रपाळीत मी कोळशाच्या ढिगाच्या चढावर होतो. तोंड वर, बकेट भरलेली. थांबायला सवयीने डावं पेडल दाबलं. गिअर सुटला, पण ब्रेक लागला नाही. हवा गिअर सोडवण्यापुरती उरली होती, मशीन धरण्यापुरती नाही. सतरा टन मागे घरंगळायला लागले. हातब्रेकचं लायनिंग घासलेलं, त्याने काही झालं नाही. मी बकेट जमिनीवर आपटली. तिचं पातं रुतलं, मशीन खरवडत थांबलं.

खाली उतरलो तर मागच्या चाकापासून हातभर अंतरावर आमचा हेल्पर पोरगा उभा. हातात बॅटरी, तोंड पांढरं पडलेलं. एवढंच म्हणाला, "भाऊ, मी मांगंच होतो ना."

सकाळी मी वायर जोडली आणि उस्तादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. टाकीचा गळका जोड बदलेपर्यंत त्यांनी मशीन उभं ठेवलं आणि मला पंधरा दिवस ग्रीस गन दिली.

नवीन मशीनमध्ये काय बदललं?

• वजन: बकेट उचलणाऱ्या सिलिंडरमधल्या तेलाचा दाब सेन्सर मोजतो आणि बकेटमधलं वजन स्क्रीनवर दिसतं.
• नियंत्रण: अनेक मशीनमध्ये स्टीअरिंगऐवजी जॉयस्टिक. हाताचा इशारा वायरमधून जातो, व्हॉल्व्ह विजेवर उघडतो.
• नजर: मागचा कॅमेरा. आम्ही मान वळवून अंधारात बघायचो.
• खबर: मशीन आपली जागा, चाललेले तास, इंधन आणि बिघाडाचे कोड दूर ऑफिसला पाठवतं. कोमात्सुची कोमट्रॅक्स ही अशीच एक यंत्रणा.
• विनाचालक: चिलीतल्या गॅब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीत २००८ पासून कोमात्सुचे चालक नसलेले डंपर कामाला लागले.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेलोडर आणि जेसीबी यांत फरक काय?
आपण ज्याला जेसीबी म्हणतो ते बॅकहो लोडर. त्याला पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असतो. पेलोडरला फक्त पुढची बकेट असते. तो खोदण्यासाठी नसतो, सुटा माल उचलून भरण्यासाठी असतो.

टायरवर २३.५-२५ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?
टायरची रुंदी २३.५ इंच आणि रिमचा व्यास २५ इंच.

मग जुनं चांगलं की नवीन?

मला विचाराल तर आठवण जुन्याची येते, पण पोराला नवीन मशीनवरच बसवीन. आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज ऐकला तर कान जातात, असं मानलं जातं. आमची केबिन त्याहून कितीतरी जास्त गोंगाटाची. माझा डावा कान आज अर्धाच काम करतो. ज्या कानावर एवढी भिस्त होती, तो त्या मशीननेच नेला. इअरफोन फुल्ल आवाजात लावणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

तरी उस्तादांनी शिकवलेलं वाया गेलं असं वाटत नाही. स्क्रीन हिरवी असली तरी नवीन मुलांनी सकाळी मशीनभोवती एक चक्कर मारावी, खाली तेल सांडलंय का बघावं, चालू केल्यावर मिनिटभर ऐकावं. कारण सेन्सरही बिघडतो.

आणि स्क्रीनवर इशारा आला तर? आजही नवीन पोरं तो बोटाने बाजूला सारतात, फोनवरचं नोटिफिकेशन सारतात तसा. मी काही बोलत नाही. मशीन बंद करायला लावतो, खाली उतरवतो, आणि मागच्या चाकापाशी उभं करून त्या रात्रीची गोष्ट सांगतो.