थंडीने धूर निवडताना

भंडारा रोड हे रेल्वेस्थानक वरठीत आहे. भोवताली धानाच्या बांध्या आणि तिथेच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. खनिजातला ऑक्सिजन कोळशाच्या कार्बनकडून काढून घेतला, की लोखंड मिळते आणि सोबत कार्बन डायऑक्साइडही. हा वायू धुरातून निवडायचा कसा? एक उत्तर थंडीत आहे, आणि ते बरेच जुने आहे.

१८२३ मध्ये लंडनला मायकेल फॅरडे यांनी दाबाखाली या वायूचा द्रव केला. १८३५ मध्ये पॅरिसला थिलोरिए यांनी तो द्रव उघड्या हवेत सोडला. काही उडून गेला, उरलेल्याचे पांढरे हिम झाले. हाच आपला कोरडा बर्फ, उणे ७८.५ अंशांचा. पुढे १८९५ मध्ये जर्मनीत कार्ल लिंडे यांनी यंत्राने हवेचाच द्रव केला. त्यातला नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. तेरा अंशांच्या या फरकावर दोघे वेगळे करता येतात. २०२१ च्या उन्हाळ्यात देशातल्या पोलाद कारखान्यांनी रुग्णालयांकडे टँकर धाडले, त्यांतला ऑक्सिजन याच रीतीने काढलेला होता.

गंमत पाहा. या यंत्रात कार्बन डायऑक्साइड म्हणजे नसती पीडा. तो आधी गोठतो आणि नळ्या तुंबवतो, म्हणून त्याला दारातच अडवतात. आता त्याचा हाच गुण कामाचा ठरतो आहे. फ्रान्समध्ये पोर्ट-जेरोम येथे २०१५ मध्ये वर्षाला १ लाख टन वायू थंडीने वेगळा करू शकणारा प्रकल्प सुरू झाला.

पण तिथे हायड्रोजन कारखान्यातला, दाबाखालचा वायू असतो. कोळशाच्या साध्या धुरात कार्बन डायऑक्साइड शेकडा दहा-पंधराच. बाकी बहुतेक नायट्रोजन. थोड्यासाठी सगळाच धूर उणे १०० अंशांच्याही खाली न्यावा लागतो. त्याला वीज लागते, आणि ती कोळशाचीच असेल तर एका धुराड्यातून काढलेले दुसऱ्यातून बाहेर पडते.

१ जानेवारी २०२६ पासून युरोपने आयात पोलादातल्या कार्बनवर आकार लावला आहे. त्यामुळे हा हिशेब आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. वरठीसारख्या गावातल्या कामगाराच्या पगाराशी आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या पावसापाण्याशी त्याचा संबंध आहे. थंडीची विद्या दोनशे वर्षांची झाली. स्वस्त आणि स्वच्छ विजेची जोड तिला अजून मिळायची आहे.