मल्लांचा खुराक : कल्याणीपासून लातूरपर्यंत

‘शरीर कमावणें’ हा आपल्या भाषेंतील वाक्प्रयोग मोठा मार्मिक आहे. द्रव्याप्रमाणें शरीरहि कमवावयाचें असतें, अशी कल्पना त्यांत आहे. आणि कमाई म्हटली कीं तिला भांडवल हें लागतेंच. या भांडवलाचीं अंगें दोन : श्रम आणि अन्न. पैकीं श्रमाविषयीं आपल्याकडे विपुल लिहिलें गेलें आहे. बडोद्यास मजुमदारांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या व्यायामज्ञानकोशाचे खंड चाळले, तर जोर, बैठका, मलखांब, करेला, नाल इत्यादि प्रकारांचें केवढें सूक्ष्म वर्णन आपल्या पूर्वसूरींनीं करून ठेवलें आहे हें दिसून येईल. परंतु या मेहनतीस पुरे पडणारें अन्न आलें कोठून, व त्याचा खर्च कोणीं सोसला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठवाड्याच्या, त्यांतहि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भांत त्याचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

आरंभ घरापासूनच करतां येतो. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेलें कर्नाटकांतील बसवकल्याण म्हणजेच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथें १२ व्या शतकांत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वरानें शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पांच विंशतींत विभागलेल्या या ग्रंथांत राजनीतीपासून पाकशास्त्रापर्यंत शंभर विषय आले आहेत. ज्या राजानें ‘भूलोकमल्ल’ हें बिरुद मिरविलें, त्याच्या ग्रंथांत मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण असावें हें साहजिकच होय. या ‘मल्लविनोदा’त वय, देह व बळ यांवरून मल्लांचे वर्ग पाडले आहेत, त्यांची मेहनत सांगितली आहे, आणि त्यांना डाळी, मांस, दूध, साखर व उत्तम मिष्टान्नें पुरवावींत असेंहि सांगितलें आहे. विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हें अन्न पुरविण्याचें काम राजाचें मानलें आहे. मल्लानें मेहनत करावी, धन्यानें खुराक द्यावा, असा हा रोखठोक करार होता. दुसरें असें कीं, त्या यादींत डाळींना दुधामांसाच्या पंक्तीस बसविलें आहे.

हा करार पुढें कित्येक शतकें चालला. त्याचें शेवटचें वैभवशाली रूप आपल्याला कोल्हापुरांत दिसतें. छत्रपति शाहू महाराजांनीं तालमींना आश्रय दिला, दूरदूरच्या मल्लांना पदरीं बाळगलें, आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधून पूर्ण केलें. पंचगंगेच्या कांठीं वैरण होती, म्हशी होत्या, दूध होतें. आणि त्या दुधाची किंमत देणारा राजाहि होता. दूध, तूप व बदाम हा जो मल्लाचा खुराक आज आपण सनातन समजतों, तो खरोखर अशा पाणथळ व राजाश्रित प्रदेशाचा खुराक आहे.

मराठवाड्याची स्थिति निराळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. गांवोगांवीं मारुतीचें देऊळ व त्यालगत तालीम होती, जत्रेंत कुस्त्यांचे फड होत. पण शाहू महाराजांसारखा वाली या मातीला लाभला नाहीं. तिच्यांत बळ नव्हतें असें मात्र कोणी म्हणूं नये. महाराष्ट्र केसरीचा पहिला मान १९६१ सालीं देण्यांत आला तो औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत. १९६९ चें अधिवेशन लातूरास भरलें, आणि तेथें निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार विजयी झाले. १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. १९७२ सालीं ते रुस्तुम-ए-हिंद झाले. परंतु त्यांचें शरीर घडलें तें कोल्हापूरच्या गंगावेश तालमींत. मराठवाड्याच्या रोपाला पंचगंगेचें पाणी मिळालें तेव्हां तें फोफावलें, हा या कथेंतील अभिमानाचा भाग. आणि तें येथें मिळालें नाहीं, हा विचार करावयास लावणारा.

त्याच १९७२ सालाची दुसरी आठवणहि या प्रदेशास विसरतां यावयाची नाहीं. त्या वर्षींच्या दुष्काळांत कणखर शेतकरी खडी फोडावयास गेले, आणि दुष्काळी कामांवर त्यांच्या मुलांना सुकडी वाटण्यांत आली. एका मराठवाडी मल्लाच्या दंडांकडे सारा देश कौतुकानें पाहत असतां त्याच्याच मुलुखांतील मुलें मुठीमुठीनें मिळणाऱ्या खाऊवर जगत होतीं. यापरता बोधप्रद विरोध कोणता? शरीरसंपत्ति ही केवळ रक्ताची किंवा जिद्दीची देणगी नसून अन्नाची निष्पत्ति आहे, हें त्यावरून कळावें.

आतां शास्त्राची साक्ष घेऊं. ‘प्रोटीन’ हा शब्द १८३८ सालीं मुल्डर या डच रसायनज्ञानें प्रचारांत आणला. त्यासच आपण प्रथिन म्हणतों. स्नायु काम करतांना प्रथिनच जाळतात, असें लीबिग या जर्मन पंडितानें प्रतिपादिलें व तें बराच काळ मान्य झालें. १८६५ सालीं फिक व विस्लिसेनस हे दोघे शास्त्रज्ञ प्रथिनरहित अन्न खाऊन आल्प्समधील फाउलहॉर्न हें शिखर चढले. त्यांनीं आपल्या मूत्रांतील नत्र मोजलें, तेव्हां जेवढें प्रथिन जळलें त्यांतून चढणीचे श्रम निघणें अशक्य आहे असें आढळून आलें. म्हणजे स्नायूचें सरपण पिष्ट व स्निग्ध पदार्थ हें होय. प्रथिन हा त्याच्या बांधकामाचा चुना-विटा आहे. आपल्या वस्तादांचा तुपाचा आग्रह या दृष्टीनें पाहिला म्हणजे त्याचा उलगडा होतो. तुपांत प्रथिन नाहीं; पण हजार बैठका मारणाऱ्याला सरपण भरपूर मिळालें नाहीं, तर शरीर घराच्या विटाच चुलींत घालूं लागतें.

प्रथिन किती घ्यावें, याविषयींहि पुष्कळ वाद झाला. श्रमकऱ्यास दररोज ११८ ग्रॅम लागतें असें म्यूनिकचे फॉइट म्हणत. १९०४ सालीं येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांनीं याहून बऱ्याच कमी प्रमाणांत माणूस सशक्त राहतो असें प्रयोगानें दाखविलें. आजचा निर्णय मधला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं सामान्य प्रौढास वजनाच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम हें प्रमाण सांगितलें आहे. वजनें उचलून स्नायु वाढवूं पाहणाऱ्यास सुमारें १.६ ग्रॅम पुरतें, व त्यापुढें खाल्ल्यानें स्नायूंची वाढ विशेष होत नाहीं, असें अलीकडील संशोधनाचें सार आहे. म्हणजे ७० किलो वजनाच्या बैठ्या गृहस्थास ५८ ग्रॅम, तर त्याच वजनाच्या मेहनती तरुणास सुमारें ११२ ग्रॅम. ज्याचें मूत्रपिंड दुखणाईत आहे त्यानें मात्र वैद्यास विचारल्यावांचून या मार्गास लागूं नये.

हे ११२ ग्रॅम लातूर-नांदेडच्या स्वयंपाकघरांतून निघतात काय? हिशेब करून पाहूं. ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठांत सुमारें ४० ग्रॅम प्रथिन असतें. १०० ग्रॅम तुरीच्या किंवा उडदाच्या डाळींत २२. १०० ग्रॅम फुटाण्यांत २० च्या आसपास. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२. अर्धा लिटर दुधांत १६. बेरीज ११० होते. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची जी उणीव असते ती डाळ भरून काढते, आणि डाळींत जो मेथिओनिन कमी पडतो तो धान्य पुरवितें. भाकरी-वरणाची जी जोडी आपल्या आज्यांनीं जमविली, तिला शास्त्रानें असा दुजोरा दिला आहे. अंडीं किंवा मांस ज्यास चालतें त्याचें काम याहून सोपें.

मग आज घरोघर जो प्रश्न उभा राहतो त्याचें उत्तर कठीण नाहीं. शिकवण्यांसाठीं लातूरास व नांदेडास येऊन राहिलेला मुलगा सायंकाळीं व्यायामशाळेंत जातो, आणि महिनाअखेरीस घरीं भुकटीच्या डब्याचे पैसे मागतो. त्या भुकटींत जादू कांहीं नसते. चीज करतांना उरलेल्या निवळीतून काढलेलें तें दुधाचेंच प्रथिन. तें वाईट नव्हे, पण अपरिहार्यहि नव्हे. ज्या लातूरच्या बाजारांत तूर व सोयाबीन यांच्या राशी पडतात, तेथील मुलानें प्रथिनासाठीं परदेशी डब्याकडे डोळे लावावेत, आणि ज्या शेतकऱ्यानें ती तूर पिकविली त्याच्या ताटांत वरण पातळ होत जावें, ही खरी दुःखाची गोष्ट आहे. २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलेल्या या जिल्ह्यास पंचगंगेकांठचा दुधातुपाचा खुराक परवडणार नाहीं. त्यानें आपला खुराक आपल्या काळ्या मातींतूनच घडविला पाहिजे.

राहतां राहिला आश्रयदात्याचा प्रश्न. राजे गेले; खुराकाचा भार आतां बापाच्या खांद्यावर आहे, आणि गरीब मल्लाचा बाप तो फार दिवस पेलूं शकत नाहीं. याही बाबतींत शेजारींच एक उदाहरण आहे. कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत मॅकॅरिसन यांनीं निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून पाहिले, तेव्हां पोळी, डाळ, दूध व भाजीपाला असलेला शिखांचा आहार सर्वांत सरस ठरला. मराठ्यांचा मधल्या पायरीवर राहिला. त्याच शिखांचें सचखंड हुजूर साहिब, जेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेवला, तें नांदेडास गोदातीरीं आहे. तेथील लंगरांत डाळ-रोटीचें ताट कोणाचीहि जातपात न पुसतां वाढलें जातें, आणि तें कोणा एका राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर अनेकांच्या हातभारावर चालतें. लातूर-नांदेडच्या गांवांनीं आपापल्या तालमीमागें अशी एक चूल पेटविली, आणि मोसमांत प्रत्येक खळ्यावरून पायलीभर डाळ तिच्याकडे वळविली, तर सोमेश्वराचा करार राजावांचूनहि पाळतां येईल. पुढला बिराजदार कदाचित् अशाच एखाद्या घरांत आज अर्धपोटी वाढत असेल.