चिखलातला इतिहास

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातले गाव जसेच्या तसे पुन्हा उभे केले आहे. काम १९२६ साली रॉकफेलर यांच्या पैशातून सुरू झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले तिथे तिकोनी टोप्या घालून हिंडतात, वीटभट्टीवर अनवाणी पायांनी चिखल तुडवतात. इतिहास पायांना कळतो, ही गोष्ट मला फार आवडते.

पण त्या काळी हा चिखल अनेकदा गुलामांकडून तुडवून घेतला जाई. गावातली निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची, बहुतेक सारे गुलाम. आणि त्यांच्या भूमिका करणारे कलाकार तिथे उभे राहायला १९७९ साल उजाडले!

मुलांना टोपी जरूर द्यावी. मात्र पायाखालचा चिखल आधी कुणी तुडवला, तेही त्याच वेळी सांगावे. मुलांना ते पेलते, असे मला वाटते.