डब कविता : छापील संहितेआधीचा ताल

लिंटन क्वेसी जॉन्सन या जमैकन-ब्रिटिश कवीच्या ध्वनिमुद्रिका म्हणजे छापील कवितेवर मागाहून चढवलेला संगीताचा साज, असा समज सहज होतो. प्रकाशनाचा क्रमही त्याला पुष्टी देतो : ‘ड्रेड बीट ॲन्ड ब्लड’ हा संग्रह १९७५ चा, त्याच नावाची ध्वनिमुद्रिका १९७८ ची. निर्मितीचा क्रम मात्र उलटा आहे.

१९५२ साली जमैकात जन्मलेले जॉन्सन १९६३ मध्ये लंडनला आले. ब्लॅक पँथर चळवळीत वाचलेल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या ग्रंथाने त्यांना लेखनाकडे वळवले, हार्लेमच्या ‘लास्ट पोएट्स’कडून ढोलाच्या साथीने बोलली जाणारी कविता त्यांना भेटली, आणि गायकाचा आवाज वगळलेल्या ‘डब’ ध्वनिमुद्रणावर बोलणाऱ्या यू-रॉय, बिग यूथ या जमैकन डीजेंनी बोलीचा ताल दिला. रेगेतील बासची लय अशा रीतीने ओळ छापण्यापूर्वीच तिच्यात वसत होती. संगीतकार डेनिस बोव्हेल यांनी ती वाद्यांतून उलगडली.

या प्रेरणांच्या मुळाशी भाषेचा प्रश्न होता. जमैकन क्रिऑल ‘मोडके इंग्रजी’ मानली जात असताना तिच्यात सार्वजनिक शोक व्यक्त करणे ही राजकीय कृती होती. १९७९ मध्ये साउथॉल येथील वंशवादविरोधी निदर्शनात मारले गेलेले शिक्षक ब्लेअर पीच यांच्यावरील विलापिका ‘बास कल्चर’ (१९८०) मध्ये आली, ती याच बोलीत.

१९९६ च्या ‘अ कॅपेला लाइव्ह’मध्ये वाद्ये नाहीत, तरीही ताल ढळत नाही. संगीत ही या कवितेची साथ नसून पूर्वसंहिता होती, याचा हा श्राव्य पुरावा होय.