'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये : एका इंग्रजी नियमाची जन्मकथा

मंडळी, आजचा विषय ऐकायला फार किरकोळ वाटेल. इंग्रजीत 'टू' आणि त्याच्या पुढचं क्रियापद, या दोघांच्या मध्ये एखादं क्रियाविशेषण आलं तर चालतं का? 'टू गो बोल्डली' म्हणायचं, 'बोल्डली टू गो' म्हणायचं, की 'टू बोल्डली गो'? या तिसऱ्या रचनेला 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह' म्हणतात, आणि तुमच्यापैकी काही जणांनी ती आपल्या वहीत किंवा ऑफिसच्या मसुद्यात लाल शाईने खोडलेली पाहिली असेल.

किरकोळ म्हटलं खरं, पण १८७१ साल बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धात इंग्लंडच्या गोदीत बांधलेल्या 'अलाबामा' नावाच्या जहाजाने आणि तशाच इतर जहाजांनी उत्तरेकडच्या राज्यांची व्यापारी जहाजं बुडवली होती. अमेरिका भरपाई मागत होती. तहाची बोलणी करायला ब्रिटिश प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले, त्यात सर स्टॅफर्ड नॉर्थकोट होते. त्यांचं चरित्र अँड्र्यू लँगने १८९० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात लँग सांगतो की लंडनच्या सरकारने बऱ्याच मुद्द्यांवर माघार घेतली, पण तहाच्या मजकुरात 'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घालणं मात्र अजिबात खपवून घेतलं नाही. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या लवादाने इंग्लंडला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणजे पैसे गेले, पण इन्फिनिटिव्ह शाबूत राहिला!

आता कुणालाही वाटेल की ज्या नियमासाठी एखादं साम्राज्य एवढं हटून बसतं, तो नियम फार जुना असणार. तसं नाही. त्या वेळी तो जेमतेम एका पिढीचा होता.

थोडं मागे जाऊ. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्ह हा एकच शब्द असायचा, त्याला शेवटी प्रत्यय लागायचा. 'टू' हे तेव्हा निव्वळ शब्दयोगी अव्यय होतं. आपल्या मराठीत 'जायला' म्हणताना तो 'ला' शब्दाला चिकटलेला असतो. 'जाय' आणि 'ला' यांच्या मध्ये 'लवकर' घुसवायची सोयच नाही. इंग्रजीतले प्रत्यय हळूहळू झिजले आणि 'टू' हा सुटा शब्द इन्फिनिटिव्हची खूण बनला. खूण सुटी असली की मध्ये फट राहते, आणि फट असली की कुणीतरी तिथे जाऊन बसतंच. चौदाव्या शतकात जॉन विक्लिफच्या लेखनात अशा रचना सापडतात. मग ही लकब मागे पडली. शेक्सपिअरच्या लेखनात तिचं म्हणून एकच उदाहरण दाखवतात, १४२ व्या सुनीतातलं. तिथे तर 'टू' आणि 'बी' यांच्या मध्ये चक्क पास्ट पार्टिसिपल बसवलंय, आणि ते यमक जुळवण्यासाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही रचना पुन्हा वाढायला लागली.

रॉबर्ट लोथ या विद्वानाचं १७६२ चं व्याकरण प्रसिद्ध आहे. पुढे बिशप झालेला हा माणूस, त्याने शेक्सपिअर आणि मिल्टनच्याही चुका काढल्या. पण या विषयावर तो एक अक्षर बोलत नाही. बंदीचा पहिला ठळक सूर उमटतो तो १८३४ मध्ये, आणि तोही अमेरिकेत. 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्ये 'पी' एवढीच सही करून एका गृहस्थाने लिहिलं की अशिक्षित लोकांच्या बोलण्यात ही सवय बरीच दिसते. गंमत बघा, असा नियम आधी कुणी सांगितल्याचं आपल्या माहितीत नाही, हे तो स्वतःच मान्य करतो. चांगले लेखक तसं लिहीत नाहीत म्हणून आपण नियम सुचवतोय, म्हणतो. १८६४ मध्ये कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी 'द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात तोच सूर लावला, की इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ही पद्धत ठाऊकच नाही. प्रत्यक्षात त्यांच्याच एका वाचकाने आपण असं लिहितो आणि ते योग्य आहे असं त्यांना कळवलं होतं! म्हणजे ठाऊक नसलेली गोष्ट टपालाने दारात आली होती.

तुम्ही वाचलं असेल की लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकाच शब्दाचा असतो, तो तोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही तोडू नये असं व्याकरणकार म्हणाले. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण 'पी' किंवा आल्फर्ड यांचा आधार लॅटिन नव्हताच. त्यांचा आधार होता 'चांगली माणसं कशी बोलतात' हा. माझं मत विचाराल तर खरी गोम तिथेच आहे. नवा मध्यमवर्ग वर येत होता, भाषाशुद्धीची पुस्तकं खपत होती, आणि आपण खालच्या पायरीवरचे नाही हे दाखवायला सोपी खूण हवी होती. या रचनेची चूक शोधायला व्याकरण कळावं लागत नाही. 'टू' दिसला की पुढचा शब्द बघायचा, झालं.

विरोधही लगेच झाला. बर्नार्ड शॉने १८९२ मध्ये 'डेली क्रॉनिकल'ला पत्र लिहून अशा चुका काढणाऱ्या लेखकाला हाकलून द्या म्हणून सांगितलं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांचा युक्तिवाद मला सगळ्यात पटतो. 'द गुड मॅन' म्हणताना 'द' आणि 'मॅन' यांच्या मध्ये 'गुड' येतो, तेव्हा नाम तुटलं असं कुणी ओरडत नाही. मग 'टू'लाच हा मान कशासाठी?

पण नियमापेक्षा नियमाच्या भीतीने जास्त नुकसान केलं, आणि ते भलत्याच ठिकाणी. हेन्री फाउलर यांचा इंग्रजी वापराचा कोश १९२६ मध्ये आला. या नोंदीत त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच वर्ग पाडलेत. त्यातला दुसरा वर्ग म्हणजे स्प्लिट इन्फिनिटिव्ह काय असतो हे माहीत नाही, पण त्याचा धसका फार. फाउलर दाखवतात की 'टू रियली अंडरस्टँड' यात इन्फिनिटिव्ह तुटतो. 'टू रियली बी अंडरस्टूड' यातही तुटतो. पण 'टू बी रियली अंडरस्टूड' यात तुटत नाही. इथे जरा थांबू. 'अंडरस्टूड' हे पास्ट पार्टिसिपल आहे. इन्फिनिटिव्हची जोडी 'टू' आणि 'बी' यांची. 'रियली' त्या जोडीच्या पलीकडे, पार्टिसिपलच्या आधी बसलंय, आणि इंग्रजीत क्रियाविशेषणाची ती अगदी स्वाभाविक जागा आहे. पण घाबरलेला माणूस तिथूनही त्याला हुसकावतो.

आणि हुसकावलं की अर्थ हलतो. 'ही क्लेम्स टू हॅव रीसेंटली साइन्ड द डीड' म्हणजे सही अलीकडची. 'ही क्लेम्स रीसेंटली टू हॅव साइन्ड द डीड' म्हटलं की दावा अलीकडचा की सही अलीकडची, कळेनासं होतं. खरेदीखताच्या भांडणात एवढ्यावर वकिलांचं वर्षभराचं काम होईल.

याचंच भावंड २० जानेवारी २००९ ला साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. बराक ओबामांचा शपथविधी. अमेरिकेच्या राज्यघटनेत शपथेचे ३५ शब्द ठरलेले आहेत. 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्या मध्ये 'फेथफुली' आहे. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स पाठ म्हणत होते. त्यांनी 'फेथफुली' उचलून वाक्याच्या शेवटी टाकलं. ओबामा अडखळले, पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथ परत घ्यावी लागली, कुणी शंका काढायला नको म्हणून. स्टीव्हन पिंकर या भाषा-मानसशास्त्रज्ञाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं की शुद्ध इंग्रजीबद्दल काटेकोर असलेल्या न्यायमूर्तींच्या मनाने नकळत घटनेचीच दुरुस्ती केली. हा अंदाज आहे, सिद्ध करता येण्यासारखा नाही. साधी विस्मृतीही असू शकते. पण तिथे 'टू' नव्हताच, इन्फिनिटिव्हच्या बंदीचा प्रश्नच येत नव्हता, आणि तरी पिंकर यांचा तर्क लोकांना पटला. का पटला, हे फाउलरचा दुसरा वर्ग आठवला की कळतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' मालिकेने 'टू बोल्डली गो' घराघरात नेलं. १९९८ च्या 'न्यू ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इंग्लिश'ने ही रचना चालते असं लिहिलं, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या. 'द इकॉनॉमिस्ट'ची शैलीपुस्तिका तर वर्षानुवर्षं म्हणत होती की बंदी निरर्थक आहे, पण वाचक चिडतात म्हणून पाळा. ती सक्ती त्यांनी २०१८ मध्ये सैल केली.

मघाशी इथे कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे : 'मग आम्ही काय लिहायचं?' 'बी' किंवा 'हॅव' नंतर, पास्ट पार्टिसिपलच्या आधी क्रियाविशेषण बिनधास्त ठेवा, तिथे इन्फिनिटिव्ह तुटतच नाही. 'टू' नंतर लगेच ठेवायचं असेल तर आधी वाक्य मोठ्याने वाचा आणि शब्द हलवून अर्थ बदलतो का बघा. बदलत असेल तर तो शब्द तिथेच राहू द्या. आणि साहेबांनी लाल शाई काढलीच, तर त्यांना विचारा, 'पी' म्हणजे नेमकं कोण?